कंस जुळले, कृष्ण कुठाय?

तामोरे मॅडमना राग आलेला मी कधी पाहिला नाही. रागवायचं तर समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते, आणि तेवढी उधळपट्टी त्यांना मान्य नव्हती. त्या नुसत्या बघायच्या. चष्मा कपाळावर सरकवून, खालचा ओठ जरा पुढे काढून, बाजारात शिळ्या पापलेटाचा कल्ला उचलून बघतात तसं. मग कल्ला सोडून द्यावा तशी मान वळवायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता खरं काम कदी दावनार?"

आमचं ऑफिस बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत. एका बाजूला रसायनांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारं युनिट आणि मधे आम्ही. दारावरच्या पाटीत 'सोल्युशन्स' हा शब्द होता, त्यामुळे अधूनमधून कुणीतरी कामगार रिकामा कॅन घेऊन आत यायचा आणि विचारायचा, "भैया, थिनर मिलेगा क्या?" तामोरे मॅडम मान वर न करता सांगायच्या, "इथं तेवढं उपयोगाचं काय बनत नाय."

बनत होतं ते असं. आसपासच्या कारखान्यांत रसायनं शिजवण्याची बंद भांडी असतात, त्यांना रिअॅक्टर म्हणतात. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती तापवायचं, कधी थंड करायचं, हे आता संगणक ठरवतो, आणि त्या संगणकाला अक्कल पुरवायचं काम आमचं. म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहायचो. त्यात चूक झाली तर आमच्यापैकी कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. धक्का लागतो तो रिअॅक्टरशेजारी उभा असलेल्या माणसाला. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. ती लक्षात ठेवणारं माणूस एकच होतं.

मॅडम तारापूरच्या बाजूच्या, किनाऱ्यावरच्या गावातल्या. घरात होड्या, ओट्यावर सुकत घातलेली मासळी. त्यांनी डिप्लोमा कसा केला, लग्न का केलं नाही, यातलं काही मला ठाऊक नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती. माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नसत, गावं ठेवत. मी पालघरहून यायचो म्हणून मी 'पालघर'. हिशेब बघणारे राऊतकाका 'माकुणसार'. पुढे पुण्याहून मॅनेजर म्हणून निरंजन सर आले, ते आपोआप 'पुणे' झाले. "पुणे काय म्हनतंय?" असं त्या केबिनकडे हनुवटी करून विचारायच्या तेव्हा संबंध शहराची इज्जत जायची.

बोलणं अस्सल किनाऱ्याचं. आमी, तुमी, हाय, नाय. ग्राहकाचा फोन आला तरी त्यात फरक नसे. निरंजन सरांनी एकदा सुचवून बघितलं, "मॅडम, क्लायंटशी बोलताना जरा प्रमाण भाषा वापरली तर..."

"क्लायंटला समजलं नाय काय?"

"समजतं, पण..."

"मंग तुमाला काय होतं?"

मॅडमचं काम तपासणीचं. प्रोग्राममधे कुणीही काही बदल केला की जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघायची. हे बघायला एक साधन असतं. दोन्ही फायली त्याला दिल्या की ते ओळीला ओळ जुळवतं. जुळलेल्या ओळी पांढऱ्या राहतात, काढून टाकलेल्या लाल होतात आणि नव्याने घातलेल्या हिरव्या. आम्ही त्याला डिफ म्हणतो. लाल-हिरवं बघायचं, मान डोलवायची आणि सही करायची, अशी जगरहाटी आहे. मॅडमची मान डोलत नसे.

माझी पहिली फाइल त्यांच्याकडे गेली तेव्हाचं आठवतं. मी एक जुना भाग काढून त्या जागी नवा, वेगळ्याच कामाचा भाग लिहिला होता. डिफमधे दोन्ही भागांची सरमिसळ झाली होती. एक ओळ लाल, दोन हिरव्या, मधे एक पांढरी, पुन्हा लाल. मला वाटलं, बघा किती बारीक काम केलंय आपण.

मॅडमनी पडद्यावरच्या एका पांढऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "ही पांढरी का झाली?"

"दोन्हीकडे सारखी आहे म्हणून."

"काय लिवलंय तिच्यात?"

तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं. नुसता बंद होणारा महिरपी कंस होता. प्रोग्रामात प्रत्येक छोट्या भागाच्या शेवटी तो येतो. एका फाइलीत शेकड्याने असतात.

"जुन्या भागाचा कंस न नव्या भागाचा कंस, दोगांचं काय नातं? काय नाय. पन म्हशीनला हौस, जास्तीत जास्त ओळी जुळल्या पायजेत. मंग रिकामी ओळ रिकाम्या ओळीशी जुळवते, कंस कंसाशी जुळवते, न तू खूश. अरे, कंस कितीबी जुळू दे. त्यात कृष्ण कुटं हाय ते सांग."

हे त्यांचं वाक्य ऑफिसात म्हणीसारखं फिरायचं. कृष्ण म्हणजे ती ओळ, जी फाइलीत एकदाच येते. जिच्यावर कुणाचं तरी नाव आहे, कुठल्यातरी व्हॉल्व्हचं, एखाद्या ठरावीक तापमानाचं. मॅडमचा नियम असा, की आधी दोन्ही फायलींत एकेकदाच येणाऱ्या ओळी शोधायच्या आणि त्यांच्या जोड्या लावायच्या. त्यातल्या ज्या एकाच क्रमाने येतात तेवढ्या ठेवायच्या. समुद्रात डोलीचं, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं लावताना आधी खुंट ठोकतात, तसे हे खुंट. ते पक्के झाले की मग दोन खुंटांच्या मधलं बघायचं. एकदाच येणारी ओळ नसलीच, तर त्यातल्या त्यात सगळ्यात कमी वेळा येणारी धरायची. ज्या ओळी ढिगाने येतात त्यांना विचारायचंही नाही. "ज्याचं तोंड समद्यांसारखं, त्याला साक्षीला बोलवून काय उपयोग?"

ही पद्धत मॅडमची नव्हती. डिफच्या साधनांत ती तयार मिळते, नुसती निवडावी लागते. इंग्रजीत तिला एका पत्त्यांच्या डावावरून 'पेशन्स', म्हणजे धीर, असं नाव दिलं आहे. मॅडममधे धीर औषधाला नव्हता. नव्या माणसाच्या संगणकावर पहिल्याच दिवशी, त्याला न विचारता, त्या हे सेटिंग बदलून टाकायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "तुला इचारून काय करू? तू अजून कंसांत हायस."

आता त्यांच्या जिभेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे चित्र देवीच्या फोटोसारखं होईल, आणि त्या फोटोवर पहिला नाराजीचा ओठ त्यांचाच निघेल. विक्रमगडकडच्या एका पाड्यावरची प्रमिला आमच्याकडे लागली. शांत मुलगी, घरात शिकलेली पहिली. मॅडमनी तिचं नाव 'विक्रमगड' ठेवलं. तिने पहिला बदल तपासायला दिला, त्यात एकच गोष्ट होती. एक कंस एका ओळीवरून उचलून वरच्या ओळीवर आणला होता. बस.

मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा हसल्या. "बगा रे, विक्रमगडनं कंस हलवला! दिवसभर बसून कंस हलवला!" आणि फाइल परत पाठवली. प्रमिला डबा न उघडता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या सरळ प्रमिलाच्या टेबलाशी. झालं होतं असं, की धोक्याचा भोंगा वाजवायची ओळ कंसाच्या आत अडकली होती. त्यामुळे एक ठरावीक व्हॉल्व्ह उघडा असेल तरच भोंगा वाजला असता, एरवी नाही. कंस वर घेतल्यावर ती ओळ बाहेर आली, म्हणजे भोंगा प्रत्येक वेळी वाजणार. ज्याच्याकडे जो तो दुर्लक्ष करतो त्या कंसातच सगळा अर्थ होता. मॅडम आपल्याच नियमावर विसंबल्या आणि फसल्या.

त्या भर हॉलमधे उभ्या राहून म्हणाल्या, "काल मी बोलले ते चूक. हिचं बरोबर हाय. कंस हाय म्हनून मी बगितलंच नाय." मग आमच्याकडे वळून, "तुमी काय दात काडताय? तुमी तर बगितला असता तरी समजला नसता."

माफी त्यांनी मागितली नाही. पण त्या दिवसापासून 'विक्रमगड' बंद झालं. प्रमिलाला त्या प्रमिला म्हणू लागल्या. संबंध ऑफिसात नावाने हाक मारली जाणारी ती एकटी. मी शेवटपर्यंत पालघरच राहिलो.

निरंजन सरांविषयी मला न्यायाने लिहायचं आहे, पण ते जमेल असं वाटत नाही. ते आले तेच मुळी बोईसरला सुधारायला. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, जेवणाच्या खोलीत सूचना लावली, की तीव्र वासाचे पदार्थ आणू नयेत. मॅडमच्या डब्यात बोंबलाची चटणी असायची. त्यांनी सूचना वाचली. खिडकीतून शेजारच्या कारखान्याचा वास येत होता, ज्याने नव्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं. मॅडमनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "भायेर एवडं सुटलंय तरी पुण्याचं नाक झोपलेलं. बोंबलानं जागं झालं." आणि जेवल्या. सूचना भिंतीवर राहिली, चटणी डब्यात राहिली.

दुसरी गोष्ट म्हणजे हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्याने किती ओळी लिहिल्या याचा हिरवा आकडा. महिन्याच्या शेवटी ज्याचा आकडा मोठा त्याला पुष्पगुच्छ. परिणाम व्हायचा तो झाला. लोक एका ओळीचं काम चार ओळींत लिहू लागले. एकाने तर नुसत्या रिकाम्या ओळी घालून पुष्पगुच्छ नेला. मॅडमचं काम तपासणीचं, त्यांचा आकडा जवळजवळ शून्य, नाव कायम तळाला. सर हसत म्हणाले, "मॅडम, तुम्हीही थोडं हिरवं करा की."

"मी काडायचं काम करते, साहेब. तुमी शेवाळ वाडवा."

मग सरांनी आमच्या सगळ्यांच्या संगणकांवरची सेटिंग एकसारखी केली. मॅडमची पद्धत गेली आणि मूळचीच आली. कारण काय, तर मूळ सेटिंग जगातल्या हुशार लोकांनी ठरवलेली असते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "जगाला बोईसरचा रिअॅक्टर चालवायचा नाय."

आणि मग ते तिसऱ्या रिअॅक्टरचं प्रकरण झालं.

जवळच्याच एका कारखान्यात तीन रिअॅक्टर आमच्या प्रोग्रामवर चालायचे. त्यांनी चौथा बसवला. प्रोग्राममधे प्रत्येक रिअॅक्टरचा एक परिच्छेद, सख्ख्या भावंडांसारखे. आधी रिअॅक्टरचं नाव. मग अॅसिडचा व्हॉल्व्ह उघड. मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, की आतलं मिश्रण ढवळणारा पंखा थांबला असेल तर व्हॉल्व्ह ताबडतोब बंद कर. मग ठरलेला वेळ थांब. मग व्हॉल्व्ह बंद. मग कंस. ती पंख्याची ओळ नसेल तर अॅसिड न ढवळता आत साचत जातं, आणि नंतर पंखा अचानक सुरू झाला की सगळं एकदम भडकतं. मग झाकण कुठे जाईल आणि शेजारचा माणूस कुठे, हे सांगता येत नाही.

हे काम प्रमिलाला द्यायचं ठरलं होतं. पण सरांना टीमला दाखवायचं होतं की असलं काम झटपट कसं करतात. त्यांनी स्वतः केलं. तिसऱ्याच्या परिच्छेदावरून चौथा लिहिला, आणि लिहिताना ती पंख्याची ओळ तिसऱ्यातून कॉपी करायच्या ऐवजी कट केली. ती दोन बटणं शेजारी शेजारी असतात. चौथ्याला ओळ मिळाली, तिसऱ्याची गेली. सरांना पत्ता नव्हता.

डिफमधे काय दिसलं? एकही लाल ओळ नाही. कारण ती ओळ फाइलीत होतीच की, फक्त दुसऱ्याच्या घरात. साधनाने जुन्या तिसऱ्याचं वरचं अर्धं नव्या तिसऱ्याशी जुळवलं, खालचं अर्धं नव्या चौथ्याशी जुळवलं आणि मधला तुकडा हिरवा करून दाखवला. पंख्याची ओळ पांढरी, जणू तिला कुणी हातही लावलेला नाही. सर केबिनबाहेर येऊन म्हणाले, "शंभर टक्के हिरवं. काहीही काढलेलं नाही, फक्त वाढ. मॅडम, एवढी सही करून टाका, क्लायंट थांबलाय."

मॅडमनी चष्मा कपाळावर नेला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिरवं मधेच कसं सुरू झालं?"

"म्हणजे?"

"नवा मानूस घरात आला तर दारातून येतो. हितं हिरवा रंग परिच्छेदाच्या पोटातून सुरू होतो न दुसऱ्याच्या पोटात संपतो. ही जुळनी खोटी हाय."

"मॅडम, टूल दाखवतंय ना, लाल काही नाही."

"टूलला काय कळतंय? ही चौगंबी सख्खी भावंडं. एकाचा पाय दुसऱ्याला लावला तरी त्याला चालतं. माज्या पद्धतीनं बगितलं असतं तरी हेच दिसलं असतं, कुनाची पद्धत हितं पुरत नाय. थांबा जरा."

त्यांनी जुन्या फाइलीतला फक्त तिसऱ्याचा परिच्छेद वेगळा काढला. नव्या फाइलीतला फक्त तिसऱ्याचा वेगळा काढला. एवढेच दोन तुकडे शेजारी ठेवून डिफ केला. पडद्यावर एक ओळ लाल झाली. पंख्याची.

"या. बगा," मॅडम म्हणाल्या.

सर हॉलच्या मध्यावर फोन हातात धरून उभे होते. आमच्या टेबलापासून चार पावलांवर. ते आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "फाइल तोडून बघितली तर काहीही दिसेल. अधिकृत डिफ पूर्ण फाइलचा असतो. आणि तुमची ही सही अडवून ठेवायची सवय मी मालकांना सांगितलेली आहे." मग केबिनमधे गेले आणि तपासणीच्या जागी स्वतःची सही करून प्रोग्राम पाठवून दिला. लिहिणारे तेच, तपासणारे तेच. टीव्हीवर त्यांचा हिरवा आकडा वाढला.

मॅडम उठल्या. खुंटीवरची दोन हेल्मेटं काढली, एक माझ्या टेबलावर आदळलं. "पालघर, चल."

"कुठे?"

"तिसऱ्याकडं."

ग्राहकाशी फक्त मॅनेजरने बोलायचं, असा नियम होता. मी त्याची आठवण करून द्यावी की नाही याचा विचार करेपर्यंत आम्ही त्यांच्या स्कूटरवर होतो आणि समोरून टँकर येत होते.

कारखान्याचा शिफ्ट इनचार्ज धोदडे गेटवर आला. जाडजूड, मंद बोलणारा, डहाणूकडचा माणूस. मॅडमनी त्याला प्रोग्रामातलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तिसरा कदी सुरू करनार?"

"आता जेवून आलो की. नवा प्रोग्राम चढवलाय ना आत्ताच."

"अॅसिड भरू नको. पानी भर. पान्यावर चालवून दाव मला."

"साहेबांचं मेल आलंय ताई, समदं ओके हाय म्हनून."

"साहेब रिअॅक्टरपाशी उभे राहनार हायत काय?"

धोदडेने त्यांच्याकडे पाहिलं. मग मागे वळून ऑपरेटरला हिंदीत ओरडला, "तीन नंबर में पानी लो! अॅसिड का लाइन बंद रखो!"

वर चढून आम्ही जाळीच्या फरशीवर उभे राहिलो. तिसऱ्यात पाणी घेतलं. पंखा सुरू झाला. वरून अॅसिडच्या जागी पाणी आत पडायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "आता पंका बंद कर." धोदडेने बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली.

व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा होता. झाला नाही. पंखा थांबलेल्या त्या भांड्यात वरून पाणी पडत राहिलं, आणि खालचे सगळे आवाज असूनही तेवढा एक आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. ऑपरेटर एक पाऊल मागे सरकला. पाणीच होतं, तरी सरकला. धोदडे हलला नाही. त्याचा एक हात भांड्याच्या कठड्यावर होता, रोज असतो तसा. तो त्याने सावकाश उचलून घेतला.

"आता हातानं बंद कर," मॅडम म्हणाल्या. खाली उतरताना जिन्याचा कठडा त्यांनी घट्ट धरला होता, हे मी मागून पाहिलं.

पुढचं सगळं आमच्या ऑफिसच्या लौकिकाला शोभेल असं झालं. प्रोग्राम दुरुस्त झाला. ग्राहकाला जे पत्र गेलं त्यात लिहिलं होतं, की आमच्या व्यवस्थापकांच्या दक्षतेमुळे, प्रत्यक्ष जागेवर चाचणी घेऊन, एक संभाव्य त्रुटी वेळीच दूर करण्यात आली. व्यवस्थापक म्हणजे निरंजन सर. मॅडमना समज देण्यात आली, विनापरवानगी ग्राहकाच्या आवारात गेल्याबद्दल. सरांनी नंतर आम्हाला एक तास व्याख्यान दिलं, विषय 'चुकांमधून शिकताना'. चूक कुणाची हे त्यात आलं नाही.

मॅडमनी राजीनामा दिला. शेठ, म्हणजे आमचे मालक, घाबरले. त्यांनी मॅडमना केबिनमधे बोलावलं, दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"विजूबेन, ऐसा मत करो. निरंजन भी अपना ही आदमी है. गलती किससे नहीं होती?"

"गलतीचं काय नाय शेठ. गलती मी पन केली, प्रमिलाच्या वक्ताला. तुमचा मानूस चुकला म्हनून मी जात नाय. तो बगायला आला नाय म्हनून जाते. चार पावलं होती."

"मैं उसको बोलूँगा."

"तुमी काय बोलनार? होडीला भोक पाडनारा मानूस तुमी पगारावर ठेवलाय, न मला म्हनता पानी उपस. उपसलं इतकी वर्सं. आता तुमी उपसा."

त्या गेल्या तेव्हा निरोप समारंभ झाला नाही. सरांनी केक मागवायची तयारी दाखवली होती. मॅडमनी विचारलं, "त्याच्यावर काय लिवनार? हॅपी काय?"

त्यांची जागा प्रमिलाला मिळाली. ती कमी बोलते, पण सही तितकीच अडवते. ऐकण्यात आलं, की मॅडम आता घरून दोन-तीन कारखान्यांचे प्रोग्राम तपासून देतात. आम्ही पाठवलेले प्रोग्रामसुद्धा. ग्राहक आमच्याकडून विकत घेतो आणि मग त्यांच्याकडून तपासून घेतो. शेठना हे कळलं त्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. विजेचं बिल फार येतं म्हणून.

मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या त्याच कारखान्यात. सुरक्षा दिनाचा कार्यक्रम होता. आवारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर समई, आणि लाउडस्पीकरवर एक बाई, जिला प्रत्येक पाहुण्याच्या नावाआधी 'थोर' लावायची सवय होती. आमच्या ऑफिसला निमंत्रण होतं, कारण निरंजन सरांचा सत्कार होता. दक्षतेबद्दल. सर कडक इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. मी आणि प्रमिला मागे बसलो. मॅडम आमच्याही मागे, शेवटच्या रांगेत, कागदी बशीतला उपमा खात होत्या. उपम्याकडेही त्या त्याच नजरेने बघत होत्या.

सरांना स्टेजवर बोलावलं. कुणा साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. मग बाईंनी जाहीर केलं, की कामगारांच्या वतीने शिफ्ट इनचार्ज श्री. धोदडे श्रीफळ देतील. धोदडे स्टेजवर चढला. ताटातला नारळ उचलला. सरांनी दोन्ही हात पुढे केले, फोटोवाल्याकडे तोंड केलं.

धोदडे नारळ घेऊन स्टेजवरून खाली उतरला.

लोकांना वाटलं, काहीतरी विसरला असेल. तो दोन रांगांमधून सावकाश चालत आला, आमच्या शेजारून गेला आणि मॅडमच्या पुढ्यात उभा राहिला.

"घ्या ताई."

मॅडमनी बशी खाली ठेवली. "ह्ये काय? तिकडं तो शाल घेऊन उभा हाय ना. बिचारा आशेनं हात पुडं करून बसलाय."

"त्या दिवशी तिसऱ्यापाशी मी उभा राहनार होतो, ताई," धोदडे म्हणाला. "तो नाय."

सगळा मांडव मागे वळून बघत होता. स्टेजवर सरांचे हात अजून तसेच होते, ते खाली घ्यावेत की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मॅडमनी नारळ घेतला. खाली-वर करून पाहिला. मग कानाशी नेला आणि हलवला. पुन्हा हलवला. क्षणभर त्यांचा तो खालचा ओठ थरथरला असं मला वाटलं, पण प्रमिला म्हणते की नाही.

"पानी नाय ह्यात," त्या म्हणाल्या. "बदलून आन."

आणि धोदडे खरोखरच बदलून आणायला गेला.